तयार मातीची चोवीस पोती: वर्षभरानंतरचा अभिप्राय

हा अभिप्राय गेल्या वर्षी जूनमध्येच लिहिला असता, तर तो निव्वळ कौतुकाचा झाला असता. बेळगावजवळच्या एका नर्सरीत भाजीपाल्यासाठी म्हणून विकली जाणारी ‘तयार माती’ मी चोवीस पोती आणली, त्यांच्याच माणसांकडून घरामागच्या परड्यात दोन गादीवाफे, म्हणजे जमिनीपेक्षा उंच वाफे, करून घेतले, आणि लावणीनंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांत मिरचीची रोपे अशी काही तरारली की शेजारच्या वैनींनी कुंपणापलीकडूनच पोत्यावरचा फोन नंबर उतरवून घेतला. पुढे आषाढाची झड लागली आणि सगळे उलटे होऊ लागले. मातीचा गुण एक पावसाळा अंगावरून गेल्यावाचून कळत नाही, म्हणून मी थांबले, आणि पावसाळ्यातली व हिवाळ्यातली अशी दोन्ही पिके घेऊन झाल्यावर आता लिहीत आहे. दुकानाचे नाव देत नाही, कारण माझ्या तक्रारींपैकी निम्म्या त्यांनी वाद न घालता निस्तरल्या, आणि थोड्याफार फरकाने असेच मिश्रण शहरात इतरत्रही विकले जाते. तेव्हा हे एका दुकानाविषयी कमी आणि त्या मालाविषयी अधिक आहे असे समजावे.

आमचे घर बेळगावच्या पश्चिमेला, हिंडलग्याच्या बाजूला आहे. मागचे परडे सुमारे तीस फूट लांब आणि बारा फूट रुंद असून माती तांबडी, जांभ्याची आहे. काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती आणि बाकी पाणी घालून ती खळखळून हलवली आणि खिडकीत ठेवली, तेव्हा मिनिटाभरात खाली बसली ती रेती, दोन-तीन तासांत तिच्यावर बसला तो गाळ, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी गढूळ ठेवणारी ती चिकण माती, असा हिशेब दिसला. यात चिकण मातीचाच वाटा मोठा होता. खानापूरच्या कौलांना आणि मडक्यांना जे मानवते, ते मिरचीच्या मुळांना मानवतेच असे नाही. मार्चमध्ये मी परड्यातील पाच ठिकाणी इंग्रजी व्हीच्या आकाराचे वीतभर खोल खड्डे घेतले, प्रत्येकाच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी खरवडली, ती एकत्र करून चार भाग केले, समोरासमोरचे दोन भाग टाकून देत अर्धा किलोपर्यंत आणली, आणि तो नमुना कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात दिला. अहवालात सामू (पीएच, म्हणजे आंबटपणा सांगणारा आकडा) ५.६, सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पाल्याशेणातला कार्बन) ०.४६ टक्के आणि स्फुरद (फॉस्फरस) कमी असे आले. कर्ब अर्ध्या टक्क्याच्या खाली असला की तो कमी धरतात, आणि बहुतेक भाज्यांना सामू ६ ते ७ च्या दरम्यान लागतो. म्हणजे माती आंबट आणि उपाशी अशी दोन्ही होती. आंबट तांबड्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला घट्ट धरून ठेवतात, त्यामुळे वरून स्फुरद घातले तरी त्यातला थोडाच भाग झाडाच्या वाट्याला येतो. हा कागद घेऊनच मी नर्सरीत गेले होते, हे मुद्दाम सांगते.

नर्सरी म्हणून जागा फार चांगली आहे. रोपे सावलीच्या जाळीखाली नीट ओळीने लावलेली, प्रत्येक ट्रेवर वाणाचे नाव, आणि नवलकोलपासून शेवग्यापर्यंत सगळे काही विचारायची मुभा. मालक पन्नाशीचे, सगळे त्यांना मामा म्हणतात. मराठी आणि कन्नड दोन्हींत गिऱ्हाइकाचे पूर्ण ऐकून घेतात. माझा अहवाल मात्र त्यांनी घडी न उलगडताच परत केला. “अक्का, ह्या मातीत आणि काय बी घालायचं नाही, नुसतं रोप लावायचं बघा,” असे म्हणून त्यांनी तयार मातीच्या थप्पीकडे बोट दाखवले. चाळीस किलोचे पोते ३८० रुपयांना. त्यात तांबडी माती, शेणखत, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), निंबोळी पेंड आणि गांडूळखत आहे, असे पोत्यावर छापलेले. प्रमाण कशाचेच दिलेले नाही. चार फूट रुंद आणि दहा फूट लांब असे दोन वाफे सहा इंच उंच भरायचे तर चाळीस घनफूट माल लागतो, आणि एका पोत्यात पन्नास लिटरच्या आसपास बसतो; म्हणून चोवीस पोती. गाडीभाडे त्यातच, वाफे करून देणाऱ्या दोन माणसांची मजुरी १,४०० रुपये वेगळी.

तिसरा वाफा मी माझ्या हाताने आणि परड्यातल्याच मातीचा करायचे ठरवले. त्यामागे काही शास्त्रीय प्रयोगाची हौस नव्हती, पैसे संपले होते; पण त्यामुळेच हा अभिप्राय लिहिण्याजोगा झाला.

पोती आली त्या दिवशीच पहिली खूण मिळाली होती, ती मी वाचली नाही. पहिल्या पोत्याची शिवण उसवून आत कोपरापर्यंत हात घातला तर मधला माल कोमट लागला, चुलीवरून उतरवून तासभर झालेल्या दुधाच्या पातेल्याएवढा; आणि नाकाला गोठ्यातल्या मुताचा तो डोळ्यांत पाणी आणणारा वास आला. शेणखत पुरते कुजलेले असले की ते थंड असते आणि त्याला पावसाच्या पहिल्या सरीचा वास येतो. गरम असणे म्हणजे आत कुजण्याचे काम अजून चालू असणे. मुठीत घेतल्यावर त्यात भाताच्या पेंढ्याचे अखंड तुकडे, दोन-तीन प्लॅस्टिकच्या चिंध्या, आणि एक पांढरी, इंग्रजी सीसारखी वळलेली, तपकिरी डोक्याची अळी सापडली. आमच्याकडे कुणालाही विचारा, त्या अळीला हुमणी म्हणतात आणि अर्धवट कुजलेल्या शेणखताबरोबर ती शेतात येते. मी ती चिमटीत धरून कोंबड्यांना टाकली आणि एकच होती म्हणून मन समजावले.

आता वाफे करण्याच्या कामाविषयी, कारण माझ्या मते खरे नुकसान तिथेच झाले. मेच्या तिसऱ्या आठवड्यात दोन दिवस सणसणीत वळीव झाला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी नर्सरीची दोन माणसे कुदळी-फावडी घेऊन दारात उभी राहिली. माती ओली आहे, चार दिवस थांबू या, असे मी म्हणून पाहिले. पण त्यांची पुढची कामे ठरलेली होती. वाफसा हा शब्द आपल्याकडे शेतकऱ्याच्या पोराला शाळेत जायच्या आधी कळतो: मूठभर माती दाबून गोळा करावा, कमरेच्या उंचीवरून खाली टाकावा, तो फुटून विखुरला तर वाफसा आला, आणि चपटा होऊन चिकटून बसला तर कुदळ भिंतीला टेकवून ठेवावी. त्या दिवशीचा गोळा पुरणाच्या उंड्यासारखा जमिनीला चिकटला होता. तरीही त्यांनी खालची माती चार-पाच इंच खणली, खणताना तीच तुडवली, फावड्याच्या पाठीने ती सारखी केली आणि वर तयार मातीची पोती ओतली. दोघेही कामाला चोख होते, दुपारी दोनपर्यंत दोन्ही वाफे दोरी लावून सरळ, कडा थापटलेल्या, पाहत राहावे असे झाले. चिकण माती ओली असताना तुडवली की तिच्यातल्या हवेच्या नळ्या बंद होतात आणि वाळल्यावर ती विटेसारखी होते, हे ठाऊक असूनही मी त्यांना चहा देत बसले.

तिसऱ्या वाफ्याला मी पाचव्या दिवशी हात घातला. तेव्हा गोळा फुटत होता. परड्यातल्या तिन्ही जागांवर मेच्या पहिल्याच आठवड्यात शेतीचा चुना, म्हणजे दळलेला चुनखडक, चौरस मीटरला पाव किलो या मानाने फिस्कटून खुरप्याने मातीत मिसळून ठेवला होता. भिंतीला लावायचा चुना नव्हे, तो फार तिखट पडतो. चुना आणि शेणखत एकत्र टाकू नये, कारण त्याने खतातले नत्र, म्हणजे नायट्रोजन, अमोनिया होऊन उडून जाते. मध्ये तीन आठवडे जाऊ द्यावेत. ते गेले होते. एक वीत खोल खणून, ढेकळे हाताने फोडून, वर एक इंच जाडीचा शेणखताचा थर दिला. हे खत पश्चिमेकडच्या एका गावातील ओळखीच्या गवळ्याच्या उकिरड्यातले होते, त्याच्या आदल्या उन्हाळ्यात घातलेले, काळे, थंड, हातात घेतल्यावर शेण होते हे सांगावे लागेल असे. सिमेंटच्या पोत्याने तीन पोती, पोत्याला ८० रुपये. त्यावर या नर्सरीतलेच गांडूळखत दहा किलो आणि निंबोळी पेंड चारशे ग्रॅम, सगळे वरच्या चार-पाच इंचांत मिसळले आणि वाफ्याच्या दोन्ही बाजूंनी वीतभर खोल चर काढले. चर काढताना माती वाफ्यावरच टाकली, म्हणून वाफा आपोआप उंच झाला. एकूण खर्च चारशे रुपयांच्या घरात, आणि माझी कंबर दोन दिवस.

जूनच्या मध्यावर, मिरगाचा पाऊस स्थिरावल्यावर, तिन्ही वाफ्यांत एकाच ट्रेमधली आठ-आठ मिरचीची आणि चार-चार वांग्याची रोपे लावली. सुरुवातीला तयार मातीतली रोपे पुढे होती, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. मऊ, हलक्या माध्यमात मुळे झरझर पसरतात. तिसऱ्या आठवड्यानंतर त्यांची खालची पाने पिवळी पडू लागली. अर्धवट कुजलेला पेंढा मातीत गेला की तो कुजवणारे जिवाणू आपल्या वाढीसाठी मातीतलेच नत्र उचलतात आणि झाडाच्या पानावर उपास येतो. खत घालूनही झाड उपाशी राहते ते असे. यापुढची गोष्ट जुलैची. बेळगावच्या जुलैमध्ये मुसळधार पाऊस कमी आणि दिवसचे दिवस चालणारी झड अधिक असते, ऊन डोके वर काढत नाही, आणि कोकोपीट स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरून बसते. एप्रिलमध्ये गच्चीवरच्या कुंडीत जो गुण, तोच झडीत अवगुण ठरला. मिरची दुपारी मान टाकू लागली. एक रोप उपटून मुळाचे टोक चिमटीत ओढले तर वरची साल मोज्यासारखी निघून आली आणि आत नुसता दोरा उरला. मूळ कुजले होते. वाफ्याच्या कडेला खुरप्याने खड्डा केला तेव्हा सहा इंचांवर, जिथे तयार माती संपून आमची तुडवलेली तांबडी माती सुरू होत होती, तिथे पाणी साचलेले दिसले. वरचे माध्यम स्पंजासारखे आणि खालचा थर परातीसारखा, अशी ती रचना होती. त्या दोन वाफ्यांतल्या सोळांपैकी सात मिरच्या गेल्या, तिसऱ्या वाफ्यातल्या आठांपैकी एक. वांगी सगळीच तरली, वांगे एवढ्यातेवढ्याने हार मानत नाही.

याच सुमारास लव्हाळा वर आला. ज्यांनी लव्हाळा पाहिला नाही ते नशीबवान. गवतासारखे पाते, तीन धारांचा दांडा, आणि खाली जपमाळेतल्या मण्यांसारख्या एकामागोमाग एक गाठी. खुरप्याने कापला की तुटलेल्या प्रत्येक गाठीतून नवे पाते फुटते. आमच्या परड्यात तो आधी कधीच नव्हता आणि तिसऱ्या वाफ्यात आजही नाही. म्हणजे तो पोत्यांतून, पोत्यांत घातलेल्या कुठल्या तरी शेतातल्या मातीतून आला. बाकी सगळ्या दोषांना वर्षभरात उतार पडला, पण भांगलणीला बसले की हा अजून निघतोच आहे. माझ्या दृष्टीने या मालाविरुद्धची सर्वांत जड तक्रार हीच.

उरलेल्या एका पोत्यावर मी उशिरा का होईना दोन घरगुती चाचण्या केल्या, त्या विकत घेण्याआधी कुणालाही करता येतील. पहिली अळिवाची. लाडवांसाठी आणलेल्या डब्यातले वीस दाणे एका वाटीत तयार मातीवर आणि वीस दाणे दुसऱ्या वाटीत परड्यातल्या मातीवर पेरले, दोन्हींना सारखे पाणी दिले. चौथ्या दिवशी तयार मातीत अकरा उगवले होते आणि त्यांची मुळे तपकिरी, आखूड होती. परड्यातल्या मातीत अठरा. न कुजलेल्या खतातला अमोनिया नाजूक कोंबाला सोसत नाही, आणि ही गोष्ट अळीव चार दिवसांत आणि दोन रुपयांत सांगते. दुसरी चाचणी वजनाची: एक किलो माल ताटात पसरून तो पुढे घटायचा थांबेपर्यंत वाळवला, तर ५६० ग्रॅम उरला. हा काही प्रयोगशाळेतला आकडा नव्हे, पण वजनावर विकल्या जाणाऱ्या पोत्यात चाळीसातले सतरा-अठरा किलो पाणी असेल तर पोत्याचा भाव वेगळ्या नजरेने पाहावा लागतो.

त्यांच्याच गांडूळखताची अशीच चाचणी केली तेव्हा किलोमागे ७६० ग्रॅम उरले, म्हणजे ओलावा चोवीस टक्क्यांच्या आसपास. खत नियंत्रण आदेश, १९८५ मध्ये गांडूळखताला ओलाव्याची मर्यादा १५ ते २५ टक्के आहे, शिवाय निदान नव्वद टक्के माल चार मिलिमीटरच्या चाळणीतून पडला पाहिजे, सेंद्रिय कर्ब किमान १८ टक्के आणि नत्र किमान १ टक्का असले पाहिजे, आणि दुर्गंधी अजिबात नसावी. कर्ब-नत्र घरी मोजता येत नाही, पण चाळणी आणि नाक घरात असते. चाळणीवर मूठभरच उरले, आणि वास ओल्या जंगलाचा. चहाच्या भुकटीसारखे मोकळे, काळपट दाणे, हाताला न चिकटणारे. पंचवीस किलोच्या पोत्याला ३२० रुपये हा भाव गावातल्या उत्पादकापेक्षा जरा चढा असला तरी माल सरळ आहे, आणि त्याच छताखाली एवढे चांगले गांडूळखत आणि एवढी कच्ची तयार माती कशी नांदते हे मला पडलेले कोडे आहे. निंबोळी पेंडही ताजी, कडवट वासाची, बुरशी न लागलेली होती. टोमॅटो-वांग्याच्या मुळांवर सूत्रकृमीच्या, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या सूक्ष्म कृमींच्या, गाठी येत असतील त्यांनी ती चौरस मीटरला शंभर ग्रॅम घालून ठेवावी. कोकोपीटच्या विटेविषयी एवढेच की ती कुंड्यांसाठी आहे, जमिनीसाठी नाही, आणि वापरण्यापूर्वी दोनदा तरी धुऊन घ्यावी, कारण नारळाच्या काथ्यात क्षार असतात.

ऑगस्टमध्ये मी मामांना भेटून सगळे सांगितले, उपटलेले मूळ आणि लव्हाळ्याच्या गाठी कागदात गुंडाळून नेल्या होत्या. त्यांनी वाद घातला नाही. पावसाळ्याआधी मागणी एकदम वाढते, तेव्हा शेणखत मुरायला वेळ मिळत नाही, हे त्यांनी स्वतःच कबूल केले, आणि भरपाई म्हणून चार नवीन पोती देऊ केली. मी तयार मातीऐवजी त्याच किमतीचे गांडूळखत मागितले, तेही विनातक्रार दिले. मजुरीच्या १,४०० रुपयांचा विषय मात्र त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखा केला. त्यांची दोन माणसे पुढच्या आठवड्यात येऊन वाफ्यांना आडवे चर काढून गेली, त्यानंतर पाणी उतरले आणि उरलेल्या मिरच्यांनी दसऱ्यापर्यंत बऱ्यापैकी तोडा दिला.

एक गोष्ट मात्र मी त्यांना तोंडावर सांगितली आणि इथेही लिहिते. माझी जाऊ बैलहोंगलला असते, तिचे परडे काळ्या मातीचे, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारे. तिलाही या दुकानातून तीच पोती आणि त्यांच्या जोडीला चुन्याची पुडी दिली गेली. तिच्या मातीच्या ढेकळावर लिंबू पिळले तर बारीक फसफस होते, म्हणजे त्यात चुनखडी मुळातच भरपूर आहे. तिथे चुना घालणे म्हणजे खारट आमटीत मीठ टाकणे. या एका जिल्ह्यात पश्चिमेला कणकुंबीकडे घाटाचा धो धो पाऊस आणि धुऊन आंबट झालेली तांबडी जमीन, तर पूर्वेला अथणी-सौंदत्तीकडे बेताच्या पावसाची काळी, चुनखडीची जमीन आहे. हिंडलग्याच्या मातीला जे औषध, तेच बैलहोंगलच्या मातीला देणारा दुकानदार कितीही गोड बोलत असला तरी त्याचा सल्ला फुकटात मिळूनही महाग पडतो. अहवालाची घडी उलगडून सामूचा एक आकडा वाचायला अर्धे मिनिट लागते.

दिवाळीनंतर त्या दोन वाफ्यांची उंची पाहिली तर सहा इंचांचे साडेतीन राहिले होते. यात फसवणूक नाही, सेंद्रिय माल कुजतो तसा बसतो, पण विकताना हे सांगायला हवे होते. कार्तिकातल्या उघडिपीत वाफसा पाहून मी ते दोन्ही वाफे वीतभर खोल पुन्हा खणले, खालचा तुडवलेला थर टिकावाने फोडला आणि बसलेली तयार माती आमच्या तांबड्या मातीत एकजीव केली. त्यांत ओळीने मेथी, कोथिंबीर, मुळा आणि नवलकोल लावले. आणि इथे या मालाला त्याचे श्रेय दिले पाहिजे: पाच महिन्यांत आतले शेण पुरते मुरले होते, कोकोपीट चिकण मातीत मिसळल्यावर तिला मोकळी करू लागले होते, आणि नवलकोलाचे गड्डे तिसऱ्या वाफ्याच्या तोडीस तोड, मुठीएवढे, न तडकलेले आले. म्हणजे मिश्रण वाईट नव्हते. ते माती म्हणून विकले गेले हे चुकले. ती भरखताची कच्ची सामग्री आहे. आपल्या मातीत चौथाई मिसळून, तीन महिने मुरवून वापरली तर उपयोगाची, तिच्याच राशीवर रोप लावले तर जुगार.

पैशाचा हिशेब केला तर तयार मातीच्या एका वाफ्याला बारा पोत्यांचे ४,५६० आणि मजुरीचे ७०० मिळून ५,२६० रुपये पडले, माझ्या वाफ्याला चारशे. ज्यांच्याकडे जमीन नाही, फक्त फरशीचे अंगण किंवा गच्ची आहे, त्यांना हा हिशेब लागू नाही. त्यांना माती कुठून तरी आणावीच लागेल. त्यांनी ही पोती फेब्रुवारीत घ्यावीत, सावलीत ढीग करून आठवड्याला एकदा पालटावा, हात घातल्यावर थंड लागू लागली की अळिवाचे दाणे टाकून पाहावेत आणि मगच कुंड्या भराव्यात. लव्हाळ्याच्या गाठी चाळून काढाव्यात, त्या हरभऱ्याएवढ्या असल्याने पाव इंचाच्या जाळीवर दिसतात.

पाचपैकी तारे द्यायचे झाले तर रोपे आणि गांडूळखताला साडेचार, मामांच्या वागण्याला चार, तयार मातीला दोन, आणि वाफे करून देण्याच्या सेवेला एक; तोही दोरी सरळ लावल्याबद्दल.

यंदा मेच्या पहिल्या वळवानंतर मी पुन्हा त्याच नर्सरीत गेले आणि गांडूळखताची तीन पोती व दोन किलो पेंड घेतली. तयार मातीची थप्पी या वेळी ताडपत्रीखाली होती आणि एका पोत्यावर खडूने भरल्याची तारीख लिहिलेली दिसली, जानेवारीची. मामांनी विचारले, “अक्का, माणसं पाठवू काय?” मी म्हटले, पाठवा, पण मी फोन केल्यावर. पाऊस दोन दिवस पडून गेला होता आणि सकाळीच टाकून पाहिलेला गोळा अजून फुटत नव्हता.